मानसतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताना

(मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. भाषणात ज्या बायकांचे अनुभव आले आहेत, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



आजचा विषय तुमच्याच चिठ्ठ्यांतून आला आहे. मागच्या बैठकीनंतर डब्यात ज्या चिठ्ठ्या पडल्या, त्यांतल्या चार मी बरोबर आणल्यात. एकीने विचारलंय, “तिथे गेल्यावर नक्की काय करतात?” दुसरीने, “वेडी ठरवतील का?” तिसरीने, “घरी कळवतात का?” आणि चौथीत एवढंच आहे, “मला रडू आलं तर?”

मी डॉक्टर नाही. मानसशास्त्र शिकलेली नाही. वीसेक वर्षं बायकांच्या तक्रारी ऐकणारी एक कार्यकर्ती आहे, आणि मध्यंतरी आठ महिने मी स्वतः एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जात होते. या दोन्हीतून जे कळलं ते सांगते.

आधी एक शब्द बाजूला काढून ठेवू या. तो शब्द म्हणजे समुपदेशन. पोलीस ठाण्यात, तक्रार कक्षात, कोर्टाच्या आवारात तो आपल्या कानावर इतका पडला आहे की त्याला एकच अर्थ चिकटला आहे. दोघांना समोरासमोर बसवायचं, दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी चार गोष्टी सांगायच्या, तिने ‘यापुढे उलट बोलणार नाही’ म्हणून आणि त्याने ‘यापुढे हात उचलणार नाही’ म्हणून सही करायची, की झालं समुपदेशन. तिचं उलट बोलणं आणि त्याचं हात उचलणं एकाच तागडीत! सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बाईच्या बाजूने उभं राहून समुपदेशन करणाऱ्यांची परंपरा या राज्यात आहे. पण आपल्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला आलं ते समजूत घालणंच. म्हणून ‘मानसतज्ज्ञाकडे जा’ म्हटलं की बाईला वाटतं, आता आणखी एक शिकलेलं माणूस मला जमवून घ्यायला सांगणार.

मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे की ती खोली समजूत घालण्यासाठी नसते. सासरसाठी, नवऱ्यासाठी, मुलांसाठी तुम्हाला दुरुस्त करून पाठवायचं, असं तिथलं काम नाही. आपल्या मनात काय चाललंय ते आपल्याला नीट दिसावं आणि पुढे काय करायचं ते आपण ठरवावं, यासाठी ती खोली असते. तसं घडत नसेल, तर उठून यायचा हक्क आपल्याला आहे.

कुणाकडे जायचं?

आपण सगळ्यांनाच ‘मेंटलचे डॉक्टर’ म्हणून मोकळ्या होतो. यात तीन वेगवेगळी माणसं आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एम.बी.बी.एस. झालेले आणि मग मनाच्या आजारांचं पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते गोळ्या लिहून देतात. दुसरे मानसशास्त्रज्ञ किंवा मानसतज्ज्ञ. ते बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात, गोळ्या देत नाहीत. यांच्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आली. नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं नाही. भाजी घेताना आपण काटा बघतो, मग इथे का नाही? तिसरे समुपदेशक. यांत दोन वर्षं नीट शिकलेली माणसंही आहेत आणि आठ दिवसांचं शिबिर करून पाटी लावलेलीही आहेत. म्हणून विचारायचं, “तुमचं शिक्षण काय? माझ्यासारख्या त्रासाचं काम तुम्ही केलंय का?” चांगलं माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

आपल्या शहरात घाटीत मनोविकारांची ओपीडी आहे. तिथे गर्दी असते, पहिल्यांदा डॉक्टर बघतात, निवांत बोलायला वेळ मिळेलच असं नाही. पण खर्च कमी येतो आणि पुढे कुठे जायचं ते कळतं. खाजगी मानसतज्ज्ञांची फी काहीशे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत आणि त्याहूनही जास्त असते. फोन करतानाच फी विचारा, कमी होईल का तेही विचारा. काहीजण परिस्थितीप्रमाणे कमी करतात. आणि ज्यांना घराबाहेरच पडता येत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. नंबर १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मैत्रिणीच्या नावाने फोनमध्ये ठेवून द्या.

आपल्या भागात या गोष्टीची सवय नाही, त्याला कारणं आहेत. वर्षानुवर्षे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार ठिकाणी होती, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. आपल्याला त्यांतलं एकच नाव ठाऊक, तेही धमकी म्हणून: “येरवड्याला पाठवीन!” मनाचा दवाखाना म्हटलं की गज आणि कुलूपच डोळ्यांसमोर येतं. मधलं काही आहे, साध्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बोलायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही. ही फक्त आपलीच गत आहे असंही नाही. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. प्रौढ माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनाचा कुठला ना कुठला आजार होता. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

पहिल्या दिवशी

तज्ज्ञ ज्याला सेशन म्हणतात, त्याला आपण बैठक म्हणू. एक बैठक साधारण पाऊण तास ते तासभर चालते. सुरुवातीला बहुधा आठवड्यातून एकदा बोलावतात.

गेल्यावर एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, पत्ता, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं ते. इथे नवऱ्याचाच नंबर द्यायला हवा असं नाही. बहिणीचा द्या, मैत्रिणीचा द्या. लिहिता येत नसेल तर ‘तुम्ही वाचा, मी सांगते’ म्हणायचं. सही करायच्या आधी कशावर सही करतोय ते समजून घ्यायचं. एवढं तर आपण बचत गटात शिकलोच आहोत.

बरोबर कुणी आलं असेल तर ते बाहेर बसेल. नवरा किंवा सासू “मीच सांगतो, मीच सांगते” म्हणून आत आली तर तज्ज्ञाला सरळ सांगायचं, “मला एकटीला बोलायचं आहे.” चांगला तज्ज्ञ हे आपणहून करतो. थोडा वेळ घरच्यांशी बोलायचं झालं तरी ते तुम्हाला विचारून.

मग ते विचारतात, “काय त्रास होतोय?” इथे बहुतेक बाया अडतात. आपल्याला डोकं दुखतं हे सांगता येतं, छातीत धडधडतं हे सांगता येतं. ‘मला वाईट वाटतं’ हे सांगायची सवय नाही. डोकं दुखतं इथूनच सुरुवात करा, काही बिघडत नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, पाळी नियमित आहे का, बाळंतपणानंतर काही झालं होतं का, आधी कुठला आजार, कुठल्या गोळ्या, घरात कोण कोण, काम काय, दारू कोण पितं, कुणी मारतं का, असं सगळं विचारतात. ही चौकशी खोदून काढण्यासाठी नसते. थायरॉईड बिघडलं, अंगात रक्त कमी असलं तरी थकवा आणि उदासी येते. अशी शंका आली तर ते आधी रक्त तपासून घ्यायला सांगतात.

एक प्रश्न ऐकून तुम्ही दचकाल. “जीव द्यावासा वाटतो का?” असं ते थेट विचारतात. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. असलेला विचार बाहेर यायला वाट मिळते. खरं असेल तर हो म्हणा. ‘हो म्हटलं तर पोलीस केस होईल’ ही भीती पूर्वी खोटी नव्हती. जुन्या दंडविधानाच्या ३०९ कलमात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमाने म्हटलं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला मदत करायची. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते सर्वसाधारण कलमच राहिलं नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा धरला आहे. आणि नुसता मनात आलेला विचार तर कधीच गुन्हा नव्हता.

सगळं पहिल्याच दिवशी सांगायला हवं का? नाही. ‘हे मला आज सांगायचं नाही’ एवढं म्हटलं की पुरे. गप्प बसलात तरी चालतं. आणि रडू आलं तर? मैत्रिणी, रड. टेबलावर कागदी रुमालांचा डबा ठेवलेलाच असतो, तुझ्या आधी जी बसली होती तिनेही त्यातला काढला असेल. तिथे कुणी ‘रडू नको, मुलांकडे बघ’ म्हणत नाही.

माझं सांगते. एका जळीत प्रकरणात आम्ही दोघी-तिघी एका मुलीच्या खाटेजवळ नऊ दिवस आळीपाळीने बसलो होतो. दहाव्या दिवशी ती गेली. काम चालूच राहिलं, मोर्चा निघाला, निवेदन दिलं. पण माझी झोप गेली. शेजारच्या घरात काही करपलं तरी माझ्या अंगाला घाम सुटायचा. तीन महिने असे काढले आणि मग एका मैत्रिणीने वेळ घेऊन दिली. पहिल्या बैठकीत मी चाळीस मिनिटं त्या मुलीची केस सांगत होते. तारखा, जबाब, पंचनामा, कोण काय म्हणालं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, “हे तिचं झालं. त्या नऊ दिवसांत तुम्ही जेवत होतात का?” मला उत्तर आठवेना. इतक्या लोकांनी त्या प्रकरणाबद्दल मला विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी उपाय म्हणून काहीच मिळालं नाही. पण पुढच्या आठवड्याची वेळ घेऊनच मी बाहेर पडले.

घरी कळवतात का? वेडी ठरवतात का?

तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं हे त्यांच्या व्यवसायाचं बंधन आहे आणि २०१७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने उपचार घेणाऱ्याचा तो हक्क आहे. नवरा पैसे भरतो म्हणून त्याला आतलं सगळं कळायचा हक्क मिळत नाही. याला अपवाद आहेत, ते आधीच माहीत असावेत. तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरतं ते कुणाला तरी सांगतात. न्यायालयाचा किंवा सक्षम यंत्रणेचा आदेश आला तर माहिती द्यावी लागते. उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला आवश्यक ते सांगतात. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे. पहिल्या बैठकीत “काय गुप्त राहील, काय राहणार नाही?” हे विचारून घ्या.

याच कायद्यात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. आजारपणात आपल्या वतीने कुणी बोलायचं, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे कुठलीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवू शकते. तो नवराच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. ज्या बाईला ‘हिला डोक्याचा आजार आहे’ म्हणून घरातून काढायचा घाट घातला जातो, तिच्या हातात हा कागद असणं फार मोलाचं आहे.

आता ‘वेडी’चं. ही भीती उगीच नाही. ‘वेडी आहे’ म्हणून घटस्फोट मागितल्याची, मुलं हिरावल्याची उदाहरणं आपल्या केंद्रात आली आहेत. म्हणून नीट ऐका. मानसतज्ज्ञाकडे जाणं हा वेडेपणाचा पुरावा नाही. २०१७ च्या कायद्याचं तिसरं कलम सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं, एवढ्यावरून ती व्यक्ती भ्रमिष्ट ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजारी ठरवता येत नाही, हेही तिथेच आहे. आणि घटस्फोटाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केलं आहे. बायकोला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून नवऱ्याने घटस्फोट मागितला होता. न्यायालयाने सांगितलं की आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे आणि त्यामुळे संसार करणं खरोखर अशक्य झालंय का, ते सिद्ध व्हावं लागतं. स्किझोफ्रेनियाबद्दल जर हे, तर उदासीसाठी आठ बैठका घेतल्या म्हणून कुणी धमकावलं तर घाबरून जायचं कारण नाही. कायदा असून लोक वागत नाहीत हे आपल्याला ठाऊकच आहे. पण समोरच्याला कलम सांगता आलं की त्याचा आवाज खाली येतो, हेही ठाऊक आहे.

पुढच्या बैठकांत काय होतं?

चमत्कार होत नाही, हे आधी सांगते. दोन-तीन बैठकांनंतर काहीजणींना उलट जास्तच जड वाटतं. गाठोडं सोडलं की पसारा दिसतोच. त्या वेळी ‘याने त्रास वाढला’ म्हणून जाणं बंद करू नका, पुढच्या बैठकीत हेच सांगा. पाच-सहा बैठकांनंतर मात्र दोघांनी मिळून हिशोब घ्यायचा. झोप सुधारली का? सकाळी उठवतंय का? काहीच फरक नसेल तर पद्धत बदलायची किंवा माणूस बदलायचं. काहींचं आठ-दहा बैठकांत भागतं, काहींना वर्षभर लागतं.

कधी गोळ्यांचीही गरज असते. मानसतज्ज्ञ तसं सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. मग बोलणं आणि गोळ्या दोन्ही चालू राहतात. गोळ्या आपल्या मनाने सुरू करायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत.

उपचाराच्या पद्धती अनेक आहेत. मराठीत जी चांगली रुजली ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि प्रा. कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसांपर्यंत आणली. तिचं सूत्र असं, की घडलेल्या गोष्टीइतकाच त्या गोष्टीबद्दल आपण मनात धरलेला समजही त्रास देतो, आणि समज तपासता येतो. उदाहरण घ्या. मूल झालं नाही, ही घटना. ‘मूल नाही म्हणजे मी बाई म्हणून फुकट’ हा समज. तो समज कुठून आला, कुणी दिला, तो खरा कशावरून, असं तिथे विचारतात.

इथे एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवायची. ‘नवरा मारतो हे चूक आहे’ हा समज बदलायचा नसतो. ‘मी मार खायच्याच लायकीची आहे’ हा तपासायचा असतो. यात कुणी उलटापालट करत असेल तर तो उपचार नव्हे.

घरी करायला अभ्यासही देतात. किती वाजता झोप लागली, कशाने राग आला, हे लिहायला सांगतात. लिहिता येत नाही म्हणून अडत नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी नीट झोप लागली त्या सकाळी डबीत एक चिंचोका टाकायचा असं ठरवलं होतं. पहिल्या महिन्यात चार चिंचोके जमले, तिसऱ्यात सतरा. ती डबी घेऊन त्या बैठकीला जायच्या.

उठून कधी यायचं?

तज्ज्ञही याच समाजातले. त्यांच्यातही आपल्यासारखीच जात, धर्म, पुरुषप्रधानता मुरलेली असू शकते. म्हणून काही खुणा सांगते. “थोडं सहन करा, पुरुष असेच असतात” असं म्हणाले तर. तुमचं बोलणं तुम्हाला न विचारता घरच्यांना सांगितलं तर. जातीवरून, धर्मावरून, बुरख्यावरून, नवरा सोडल्यावरून टोमणा आला तर. दलित बाईने जातीचा अपमान सांगितला आणि “हे तुमच्या मनाचे खेळ” म्हणून उडवून लावलं तर. अंगाला हात लावला, बाहेर भेटायला बोलावलं तर. ‘तीन बैठकांत खात्रीने बरं करतो’ म्हणाले, किंवा ‘ग्रह बघून घ्या’ म्हणाले तर. यातलं काहीही झालं तर उठायचं. दोष आपल्यात नाही, माणूस बदलायचं. एक तज्ज्ञ वाईट निघाला म्हणून सगळेच तसे, असं मात्र समजू नका. एक शिंपी बिघडवतो म्हणून आपण पोलकं शिवायचं थांबत नाही.

घरात मारहाण चालू असेल तर नवरा-बायकोने एकत्र बैठकीला बसणं धोक्याचं आहे. आत बोललेल्याचं उट्टं घरी निघतं. तज्ज्ञाला मारहाणीचं आधी एकटीने सांगा. आणि ही खोली म्हणजे संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय नव्हे, हेही ध्यानात असू द्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे आणि त्यात शिवीगाळ, अपमान, मूल नाही म्हणून टोचणं हा मानसिक छळही हिंसाचारच मानला आहे. तक्रार तिथे करायची, मन इथे सांभाळायचं. एकामुळे दुसरं थांबवायचं नाही.

चळवळीतला प्रश्न

शेवटी एक प्रश्न, जो चिठ्ठीत नव्हता पण आपल्या कार्यकर्त्यांमध्ये नेहमी निघतो. आपण इतकी वर्षं सांगत आलो की बाई, दोष तुझ्यात नाही, व्यवस्थेत आहे. मग तिलाच उपचाराला पाठवायचं म्हणजे मारणारा मोकळा आणि मार खाणारी पेशंट, असं नाही का होत?

होऊ शकतं, आणि झालेलंही आहे. पुण्यात १९९९ साली बापू ट्रस्ट सुरू करणाऱ्या भार्गवी दावर यांनी त्याच वर्षी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी भूमिकेतून पुस्तक लिहिलं. त्यांच्या आईच्या वाट्याला मनोरुग्णालयाचे अनुभव आले होते. २०२४ मध्ये त्या गेल्या. मनाचा त्रास हा स्त्री चळवळीचा विषय आहे आणि उपचारांच्या नावाने होणारी जबरदस्तीही चळवळीचाच विषय आहे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामाने आपल्यापुढे ठेवल्या. मला दोन्ही पटतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नैराश्य पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दीडपट आढळतं. हे केवळ आपल्या शरीरामुळे नाही. मार, गरिबी, दुय्यमपण, दिवसरात्र न संपणारं काम, यांचा त्यात वाटा आहे.

पण व्यवस्था बदलायला पिढ्या लागतात, आणि झोप तर आज रात्री हवी असते. पाय मोडलेल्या बाईला आपण म्हणत नाही की आधी रस्त्यातले खड्डे बुजवू, मग तुझा पाय बघू. पाय बसवतो आणि खड्ड्यांसाठी मोर्चाही काढतो. वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारी एकजण चार महिने मानसतज्ज्ञाकडे जात होती. सुरुवातीला ती खाली मान घालून बसायची. चौथ्या महिन्यात तिने नवऱ्याविरुद्ध अर्ज दिला. अर्ज दे, असं तज्ज्ञाने तिला सांगितलं नव्हतं. “ते मला विचारत राहिले, तुला काय पाहिजे?” ती म्हणाली. “मला कधी कुणी विचारलं नव्हतं, मग उत्तर शोधायला चार महिने लागले.” समजूत घालण्यात आणि ऐकून घेण्यात हा फरक आहे.

आता थोडक्यात करायचं काय ते सांगते. जायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा किंवा मुलीकडून लिहून घ्या: मला काय होतं, ते कधीपासून होतं, आणि मला काय बदलायला हवंय. चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या. त्या दिवशी परत आल्यावर लगेच पाहुण्यांचा स्वयंपाक काढू नका, तासभर स्वतःला ठेवा. आणि कुणी “आज कुठे गेली होतीस?” विचारलं, तर दवाखान्यात गेले होते म्हणा. ते खरंच आहे.

मी इथे थांबते. तुमच्यापैकी जी जाऊन आली असेल, तिला वाटलं तर तिने बोलावं, नाही वाटलं तर बोलू नये. आणि जिला जायचंय पण पाय उचलत नाही, तिने निघताना माझ्याकडे किंवा ताईंकडे नुसता वार सांगून ठेवावा. आत तुम्ही एकट्याच जाल, पण बाहेरच्या बाकावर आमच्यापैकी कुणीतरी तासभर बसलेली असेल.